निखाऱ्यातली पुडकी

चंद्राबाईच्या खोकल्यात रक्त दिसलं, त्याच दिवशी कस्तुराबाईंनी तिचं ताट, वाटी आणि लोटा वेगळा काढला. कोणाला विचारलं नाही, की कोणावर चिडल्या नाहीत. भांडी न्हाणीबाहेरच्या कोनाड्यात नेऊन ठेवली, चार वर्षांच्या अंबूला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "आजपासून ही माझ्याजवळ झोपेल."

चंद्राबाईनं मान हलवली. पोरीला आपलं काही लागू नये, हे तिलाही वाटतच होतं.

कस्तुराबाई म्हणजे तिच्या नवऱ्याची, येसाजीची, थोरली बहीण. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत. आईबाप गेल्यावर अक्कांनीच येसाजीला लहानाचा मोठा केला होता. त्यांचा स्वतःचा संसार जेमतेम दोन पावसाळे टिकला. नवरा क्षयानं गेला. त्या काळी बायकांनी नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायची रीत होती. अक्का त्या ताटात जेवल्या आणि वाचल्या, पण त्यांचं अंगावर पिणारं मूल वाचलं नाही. ही गोष्ट त्या कधी सांगत नसत. पण शेजारीपाजारी कोणी खोकललं तरी त्यांचा हात आपोआप पदराकडे जाई आणि पदर नाकावर येई.

त्रेसष्ट साल होतं. येसाजीचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांपासून होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. घरात मराठी बोलत, तीही निम्मी कानडी. शिवाजीनगरात बसस्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे छोटं परसू. येसाजी विमानांच्या कारखान्यात पत्र्याचं काम करी. चंद्राबाई बेळगावकडची, मोठ्यानं हसणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हसण्यावर गल्लीतल्या बायका खिडकीतून डोकावत.

तिला गावाबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता घाबरण्यासारखं काही नाही, औषधं निघालीत. इंजेक्शनं आणि गोळ्या वर्षभर नेमानं घ्यायच्या, आणि खाणं चांगलं हवं. कोंबडी, अंडी, दूध, भाज्या. दवाखान्यात भात, पातळ सांबार आणि सकाळी एक अंडं मिळे. बाकीचं घरच्यांनी रविवारी आणायचं.

पहिल्या रविवारी अक्कांनीच कोंबडीचा रस्सा केला, मन लावून केला. येसाजीनं तो डब्यातून नेला. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन तो घरी आला, तर अक्का दारात उभ्या होत्या.

"तो डबा आत आणू नको."

"उकळत्या पाण्यात घालू या की, अक्का."

"येसा, घरात पोरगी आहे. तिथं गेलेलं भांडं या उंबऱ्याच्या आत येणार नाही. रोज कर म्हटलंस तर रोज रस्सा करीन मी, पण भांडं नाही."

डबा भंगारवाल्याकडे गेला. पुढच्या वेळी येसाजीनं मातीचं मडकं घेतलं, म्हणजे तिथंच टाकून येता येईल. ते बसमध्ये फुटलं आणि सगळा रस्सा शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या पंच्यावर सांडला. येसाजी रिकाम्या हातानं चंद्राबाईसमोर जाऊन उभा राहिला. ती आधी हसली, मग हसता हसता खोकू लागली, आणि नर्सबाईंनी त्याला बाहेर जायला सांगितलं.

कारखान्यात नकाशे काढणाऱ्यांत त्रिविक्रमराव म्हणून एक जण होता. घरी मराठीच बोलणारा, कट्टर शाकाहारी. शिकायला म्हणून कारखान्यानं त्याला विलायतेला पाठवलं होतं, तिथून तो नुकताच परतला होता. मडक्याची हकिकत ऐकून तो जरा विचारात पडला आणि दुसऱ्या दिवशी एक जाडजूड गुंडाळी घेऊन आला. सिगारेटच्या पाकिटात असतो तसला चंदेरी कागद, पण हातभर रुंद आणि कितीतरी लांब.

"माझी तिथली घरमालकीण यात जेवण करायची," तो म्हणाला. "कोंबडीचे तुकडे, गाजर, बटाटा, सगळं कच्चंच ठेवायचं, वर थोडं लोणी, मीठ, मिरी. कागद दुमडून घट्ट बंद करायचा आणि भट्टीत सारायचा. आपल्याच पाण्यावर शिजतं. भांडं नाही, पळी नाही. मला नुसत्या भाज्यांचं वेगळं पुडकं करून द्यायची बिचारी. येताना हे हातात ठेवलं. माझ्या आईनं काही ते चुलीजवळ येऊ दिलं नाही. तुम्ही न्या."

"भट्टी कुठली आणू, सार?"

"शेगडी आहे ना? निखाऱ्यावर ठेवा की."

येसाजीनं तोवर कधी चहासुद्धा केला नव्हता. रविवारी सकाळी रसेल मार्केटातून कोंबडी आणली आणि परसात शेगडी पेटवून बसला. अक्का दारातून सांगत होत्या, तसं आलं-लसूण वाटलं, हिरवी मिरची चिरली, गाजर, बीन्स, नवलकोल, बटाटा यांचे तुकडे केले. सगळ्याला मीठ, मिरी, हळद आणि चमचाभर तूप चोळलं. इथवर तो चाचपडत होता. पण कागद हातात आल्यावर त्याला जमलं. कडेवर कड ठेवून दोनदा दुमडायची आणि बोटानं दाबत न्यायची, हे काम तो रोज पत्र्यावर करत होता. वाफेला बाहेर पडायला सुईएवढीही जागा राहिली नाही. निखारे पसरून त्यांवर राख भुरभुरवली, पुडकं ठेवलं, चिमट्यानं एकदा उलटलं. थोड्या वेळानं ते फुगून टम्म झालं आणि आतून खदखद ऐकू येऊ लागली.

टॉवेलात गुंडाळून त्यानं ते मांडीवर घेतलं आणि बसमध्ये बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याची मांडी गरम होती.

दवाखान्याच्या आवारात जांभळाखाली एक बाक होता. चंद्राबाई तिथं बसली आणि तिनं पुडक्याची कड सोडवली. वाफ तिच्या तोंडावर आली. तिनं डोळे मिटून वास घेतला.

"कुणी केलं?"

"मी."

"खरं सांगा की ओ."

"अंबूशप्पत, मीच."

एका बाजूला कोंबडी काळी पडली होती आणि नवलकोल अर्धवट कच्चा होता. चंद्राबाईनं सगळं खाल्लं. हाडं चोखली, तळाशी साचलेला रस कागदाची पन्हळ करून प्यायली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "आणि नवलकोल पातळ चिरा पुढच्या वेळी. पण लई ब्येस झालंय."

मग कागदाचा चोळामोळा करून तिनं तो रुग्णांचा कचरा जाळायच्या खड्ड्यात टाकला. घरी परत न्यायला काहीच उरलं नाही.

मग दर रविवारी तेच. येसाजीचा हात बसत गेला. कोंबडी आदल्या संध्याकाळीच मसाला लावून ठेवायची, बटाटा तळाशी आणि मांस वर, हे त्याला आपोआप कळत गेलं. चंद्राबाई बेळगावी मसाल्याचं माप तोंडी सांगे. कागदाची गुंडाळी संपली तेव्हा तो केळीच्या पानांवर आला. पान आधी विस्तवावर धरून मऊ करायचं, नाहीतर दुमडताना चिरतं. दोन पानं आडवी-उभी घालायची, केळीच्या वाळल्या सोपटानं बांधायची आणि निखाऱ्यावर ठेवण्याऐवजी गरम राखेत पुरायची. पानाचा वास कोंबडीला लागे, तो तिला कागदापेक्षा जास्त आवडला. तिच्या गालांवर मांस चढू लागलं. वॉर्डातल्या बाया येसाजीला बघून म्हणत, "चंद्राक्का, तुझा कोंबडीवाला आला बघ."

बाकाच्या एका टोकाला ती बसे आणि दुसऱ्या टोकाला तो. मध्ये पुडकं. अंबू काय बोलते, पाटीवर काय काढते, हे तो सांगे आणि ती खाता खाता थांबून ऐके. एकदा तिनं गाजराचा तुकडा उचलून त्याच्यापुढे धरला.

"घ्या की. एकटीनं खाऊन खाऊन कंटाळा आला."

"मी जेवून आलोय."

"एक तुकडा."

"पोट भरलंय, चंद्रा."

तिनं तुकडा स्वतः खाल्ला. नंतर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

वर्ष उलटून गेल्यावर डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आणि सांगितलं की ती बरी झाली, तिच्यापासून आता कोणाला धोका नाही. येसाजी तिला टांग्यातून घरी घेऊन आला. अक्कांनी दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. अंबू त्यांच्या पदरामागून बघत होती. चंद्राबाईनं हात पुढे केले, तशी ती आणखी मागे सरकली.

"विसरली असेल," येसाजी म्हणाला. "होईल हळूहळू."

कोनाड्यातली भांडी कोनाड्यातच राहिली. चंद्राबाई स्वयंपाकघराकडे वळली की अक्का मऊ आवाजात म्हणत, "तू विसावा घे गं. मी आहे ना." तिनं भाजी निवडली की ती पुन्हा धुतली जाई. तिनं भरलेला पाण्याचा हंडा झाडांना जाई. भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर काहीतरी बोलता तरी आलं असतं. अंबू अक्कांजवळ झोपे, अक्कांच्या हातून जेवे. आई खोकली, म्हणजे नुसता ठसका लागला तरी, ती खेळ टाकून आत पळे.

एका रविवारी चंद्राबाईच्या मनात आलं की आपणही पुडकी करावीत. तिनं येसाजीला कोंबडी आणि केळीची पानं आणायला सांगितली आणि सकाळपासून परसात शेगडी घेऊन बसली. तोंडाला पदर बांधून तिनं भाज्या चिरल्या, मसाला लावला. प्रत्येकाचं पुडकं निराळं केलं. अक्कांच्या पुडक्यात मिरी जास्त आणि बटाटा नाही, कारण त्यांना वात होता. येसाजीच्या पुडक्यात तंगडी. अंबूच्या पुडक्यात मिरची अजिबात नाही, आणि गाजराच्या चकत्यांना सुरीनं खाचा पाडून तिनं त्यांची फुलं केली होती. राखेतून पुडकी काढली तेव्हा पानं काळपट झाली होती आणि सगळं परसू त्या वासानं भरलं होतं. तिनं ती चिमट्यानं उचलून ज्याच्या त्याच्या ताटात ठेवली.

"आगीतनं निघालंय, अक्का," ती म्हणाली. "सोपट तुम्हीच सोडायचं. माझा हात कुठं लागायचा नाही."

अक्कांनी आपल्या पुडक्याकडे बघितलं. मग ताट थोडं पुढे सरकवलं.

"सकाळपासून पोट जड झालंय गं. मला आज नको."

अंबूनं आपल्या पुडक्याकडे हात नेला. अक्कांनी तिचं मनगट धरलं. "थांब, भाजेल."

"आत्ते," अंबूनं विचारलं, "हे खाल्लं की मलापण रक्त येणार?"

चंद्राबाईनं येसाजीकडे बघितलं. येसाजीनं सोपट सोडलं, पान उघडलं. तंगडी मऊ झाली होती, हाडापासून सुटत होती. त्यानं घास उचलला. आणि त्याचा हात तोंडाशी नेता नेता थांबला. फार वेळ नाही. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. मग त्यानं घास खाल्ला, सगळं पुडकं संपवलं, पानाला लागलेला रस बोटानं निपटून घेतला आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा छान झालंय."

चंद्राबाईनं न उघडलेली दोन पुडकी उचलली आणि परसात नेली.

संध्याकाळी अक्का अंबूला घेऊन देवळात गेल्यावर ती येसाजीजवळ येऊन बसली.

"तुम्ही थांबलासा."

"भाजत होतं, चंद्रा."

"न्हाई ओ."

रस्त्यावरून बसची घरघर आत येत होती.

"येवढं वरीस तुम्ही माझ्यासाठी हात भाजून घेतलासा," ती म्हणाली. "ते मी विसरणार न्हाई. पण मला वाटलं, तुम्ही भीत न्हाईसा. अक्का भितात, तुम्ही न्हाई, असं मी धरून चालले होते."

"मी खाल्लं की."

"खाल्लासा." मग ती म्हणाली, "आपण वेगळं राहू या. कारखान्याजवळ खोल्या मिळतात म्हणाला होतासा."

"अक्काला एकटं टाकून? तिनं मला वाढवलंय. तिला माझ्याशिवाय कोण आहे?"

"मग पोरगी तरी माझी मला द्या."

"होईल गं सगळं. स्वल्प थांब."

तो हे 'स्वल्प थांब' पुढेही म्हणत राहिला. त्याचं मन वाईट नव्हतं. दोघींपैकी एकीला दुखवल्याशिवाय पुढे जायला वाट नव्हती आणि तेवढं बळ त्याच्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परसात कपडे वाळत घालताना अक्का आपणहून तिच्याशी बोलल्या. "तू बरी झालीस हे मला कळतं, चंद्रा. डॉक्टर खोटं कशाला सांगतील? पण हात पुढे होत नाही गं. पोरीला तुझ्याकडे जाताना बघितलं की माझं ते तान्हं दिसतं." एवढं बोलून त्या ओला कपडा तोंडाला लावून उभ्या राहिल्या. चंद्राबाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि खाली घेतला. आपला हात लागला तर त्यांना बरं वाटेल की वाईट, ते तिला ठरवता येईना.

तपासणीसाठी ती दवाखान्यात गेली, तेव्हा तिथल्या मोठ्या नर्सबाई, पद्मावती, तिला बघून खूश झाल्या. बोलता बोलता म्हणाल्या की स्वयंपाकघरात बाई टिकत नाही. बाहेरच्या बायका येतात, वॉर्ड बघतात आणि पळतात.

"मी येऊ?" चंद्राबाईनं विचारलं.

"अगं, तुझं घर आहे, मूल आहे."

"हाय," ती म्हणाली. "लांबनं बघायला हाय."

तिनं येसाजीला बसस्टँडवर सांगितलं. तो आधी समजलाच नाही.

"परत तिथं? लोक तिथून सुटायला देव पाण्यात घालतात, चंद्रा."

"तिथं माझ्या हातचं खातात."

"किती दिवस?"

"पोरीची भीती जाईपर्यंत."

तिला तसंच वाटत होतं, आणि त्यालाही. त्यानं तिची ट्रंक बसच्या टपावर चढवून दिली. बस वळेपर्यंत तो तिथंच उभा होता.

सुरुवातीला ती सुटीच्या दिवशी घरी येई. पायरीवर बसे. अंबू आतून पाटी वर धरून अक्षरं दाखवी आणि ती "वा गं" म्हणे. मग दवाखान्यात माणसं वाढली, सुटी मिळेनाशी झाली, मिळाली तरी ती कधीमधी घेतच नसे. वॉर्डातल्या मुलांसाठी ती शेगडीवर छोटी छोटी पुडकी करी, ज्याला जे आवडेल ते त्याच्या पानात घालून. येसाजी महिन्यातून एकदा येई. आल्यावर तिच्याच ताटात जेवे, तिच्या लोट्यातून पाणी पिई. आता त्याचा हात कधी थांबत नसे. ती त्याला वाढी, त्याची चौकशी करी. पुडक्यांच्या दिवसांबद्दल दोघंही बोलत नसत.

अंबू दहा वर्षांची झाली तेव्हा एका रविवारी येसाजीबरोबर आली. शाळेत बाईंनी क्षयाचा धडा शिकवला होता. जंतू कसे असतात, औषधानं कसे मरतात, सगळं तिला पाठ होतं. तिनं आत्तेला तो धडा वाचून दाखवला होता आणि आत्ते उठून देवघरात जाऊन बसल्या होत्या.

चंद्राबाईला आधी सुचेना, मुलीला कुठं बसवावं. मग तिनं स्वयंपाकघरातच पाट मांडला. अंबूला काय आवडतं ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं येसाजीकडे बघितलं, तर तो म्हणाला, "सगळं खाते." तिनं भात वाढला, कोंबडीचा रस्सा वाढला, शेजारी लिंबाची फोड ठेवली. अंबू खाली मान घालून जेवू लागली. भराभर जेवली. हाड चोखायची तिची तऱ्हा थेट आपल्यासारखीच आहे, हे बघून चंद्राबाईला हसू आलं, पूर्वीसारखं मोठ्यानं. दाराशी बसलेल्या येसाजीनं दचकून वर बघितलं. ते हसू त्यानं किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अजून वाढू का गं?"

"नको, पोट भरलं." अंबूनं हात झटकले आणि नीट, शिकवल्यासारखं म्हणाली, "खूप चांगलं झालं होतं. आता तुम्ही जेवा."

आत्तेला ती 'तू' म्हणे. बापालाही 'तू' म्हणे.

चंद्राबाई पळी हातात धरून उभी राहिली. येसाजी काही बोलणार होता, पण तिनं मान हलवून त्याला थांबवलं.

"जेवते की," ती म्हणाली. "आधी हात धू चल. पाणी घालते."

अंबू मोरीपाशी गेली, ओंजळ पुढे केली. चंद्राबाईनं लोट्यानं धार धरली. पोरीच्या बोटांना हळद लागली होती, ती निघेपर्यंत ती पाणी घालत राहिली. मग पदरानं तिचे हात पुसले, एक एक बोट. अंबूनं हात मागे घेतले नाहीत.

परतीची बस चारची होती. फाटकापर्यंत चंद्राबाई त्यांच्याबरोबर गेली, पुढे गेली नाही, कारण वॉर्डातल्या चहाची वेळ झाली होती.